दोन कुलपं

"वैजू, ब्रश घे. डोळं लिहायला बस."

मामा असं म्हणाले तेव्हा नदीचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिंपळाच्या पाराला लागलं होतं. माझ्या हातात मोबाइल होता आणि पलीकडून माझा भाऊ विलास ओरडत होता, "ताई, टेम्पो घिऊन निघू का? ओढ्यावरचा पूल अजून उघडा हाय. दुपारनंतर काय सांगता येत न्हाई."

मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानू कुंभार; गाव त्यांना तात्या म्हणायचं. वारणाकाठी आमच्या गावात गणपती म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. गल्लीत कुंभारांची सात घरं, पण शाडूच्या मातीच्या मूर्ती करणारं तोवर आमचं एकच उरलं होतं. बाकीच्यांनी बाहेरून येणाऱ्या प्लास्टरच्या मूर्ती विकायला घेतल्या होत्या. त्यांचा माल यायला अजून अवकाश होता, म्हणून ते निवांत भांडीकुंडी आवरत होते. आमच्या घरात मात्र सोप्यात, माजघरात, न्हाणीच्या भिंतीला लागून, जिथं म्हणून कोरडी जागा होती तिथं गणपती बसलेले होते. दीडशेच्या वर असतील. शिमग्यापासून राबून केलेले. चतुर्थीला महिनाही राहिला नव्हता, आणि आमचं वर्षाचं पोट त्या दहा दिवसांवर चालायचं.

"मामा, विलास टेम्पो घेऊन येतोय," मी म्हटलं. "त्याची कोंबड्यांची शेड रिकामी हाय. उंच माळावर हाय, तिथं पाणी जन्मात चढणार न्हाई. दोन खेपांत सगळं जाईल."

"कोंबड्यांच्या शेडात गणपती?"

"धुतलीय त्यानं. चुना मारलाय."

"आनि हितं आपलं भवन असताना?" मामा माझ्याकडं असं बघायला लागले, की जणू मीच येडी. "आबांनी नारळ फोडताना काय म्हटलं हुतं? सगळ्या गावासमोर? पूर आला की ह्या भवनात पयला मान कुंभारगल्लीचा."

म्हटलं होतं, खरं आहे. मीही ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी असाच पूर आला होता. मामांच्या लहानपणी म्हणे पूर आला की आयुष्यभर त्याची गोष्ट सांगायचे, एवढा तो क्वचित यायचा. आता पाऊस कसला, आभाळ फाटल्यागत चार दिवसांत चार महिन्यांचा कोसळतो, वर धरणाची दारं उघडतात, आणि पाणी सरळ आमच्या चुलीपर्यंत येतं. त्या वेळी अर्ध्या मूर्ती गेल्या होत्या. मग सरकारानं निधी दिला आणि गावाच्या उंचवट्यावर, शाळेशेजारी पूरनिवारा भवन बांधलं. मोठा हॉल, फरशी, पंखे, मागं संडास. काम शिमग्यालाच पुरं झालं होतं.

आणि तेव्हापासून ते बंद होतं. कारण काय, तर उद्घाटन व्हायचं होतं. निधी आणला तालुक्याचे पुढारी रंगराव आबांनी, म्हणून कोनशिलेवर नाव आबांचं वर पाहिजे. जागा ग्रामपंचायतीची, म्हणून पंचायत म्हणणार नाव सरपंचाचं वर. सरपंच छायाताई, पण सरपंच कोण विचारलं की गाव त्यांच्या नवऱ्याकडं, धनाजीरावांकडं बोट दाखवायचं. आबा एका पार्टीचे, धनाजीराव दुसरीचे. पंचायतीनं दाराला कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी आबांच्या माणसांनी त्याच कोयंड्याला शेजारी आपलं कुलूप घातलं. एका दाराला दोन कुलपं. अख्खं गाव हसलं, आणि मग सवयीनं हसायचंही बंद झालं.

"मामा, त्या दाराला दोन कुलपं हायत," मी म्हटलं.

"पूर आल्यावर कोन कुलूप लावून बसतंय, पोरी?"

"बसली तर?"

त्यांनी ब्रश माझ्या हातात ठेवला. "म्हनूनच म्हनतोय, डोळं लिही."

हे सांगायला हवं. आमच्या घरची रीत अशी, की गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी लिहायचे. सोंड झाली, हात झाले, रंग झाला, दागिने झाले, तरी तोवर ती माती. फुटली तर परत भिजवून मळायची, त्यात पाप नाही. पण डोळ्यांची आखणी झाली, की तो देव. मग त्याला उघड्या भुईवर ठेवायचं नाही, उघड्या आभाळाखाली ठेवायचं नाही, त्याच्याकडं पाठ करून बसायचं नाही. एरवी आम्ही चतुर्थीच्या आधी आठ दिवस डोळ्यांना हात घालायचो. मामांनी डोक्यात धरलं होतं ते असं: माती घेऊन गेलो तर माणसं म्हणतील, उद्या या. देव घेऊन गेल्यावर कोण नाही म्हणेल?

"मातीला दाराभायेर ताटकळत ठिवत्यात," ते म्हणाले. "द्यावाला न्हाई ठिवत."

"अहो, दीडशे मूर्तींचे डोळे लिहायला दुपार उलटेल! तेवढ्यात टेम्पोच्या दोन खेपा होतील की!"

मी बजरंगकडं बघितलं. माझा नवरा. अंगानं पहिलवान, पण बापापुढं कधी मान वर केली नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं, मग म्हणाला, "लिही की वैजू. आप्पा म्हनत्यात तर."

मी विलासला सांगितलं, येऊ नकोस. तो म्हणाला, "ताई, डोकं फिरलंय का तुझं?" मी फोन ठेवला. राग एवढा आला होता, की पहिली रेघच वाकडी गेली, आणि रागात डोळा लिहिता येत नाही. म्हणून राग गिळला. अजूनही तो पुरता खाली गेलेला नाही.

आखणी मला मामांनीच शिकवली. एरवी एका डोळ्याला श्वास धरून बसायचं. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका पडला, की मूर्ती आपल्याकडं बघायला लागते. त्या दिवशी मात्र आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि यंत्रागत लिहीत सुटलो. बजरंग मूर्ती पुढं ठेवायचा, उचलायचा, पुढं ठेवायचा. बाहेर पाण्याचा आवाज वाढत होता. एकदा मामा थांबले, एका लहानग्या मूर्तीकडं बघत म्हणाले, "ह्यो बग कसा हसतोय." खरंच हसत होता. मला वाटलं, निदान हा तरी वाचू दे.

दुपारी पाणी आमच्या उंबऱ्याच्या खालच्या पायरीला लागलं, आणि बातमी आली की ओढ्यावरचा पूल बुडाला. मी पुढची मूर्ती ओढून घेतली.

शेजारच्यांचा ट्रॅक्टर मागून घेतला. ट्रॉलीत कडबा पसरला, त्यावर चादरी, त्यावर मूर्ती. मी रुमालांनी तोंडं झाकायला लागले, तशी ती रीतच आहे, तर मामांनी माझा हात धरला. "झाकू नगंस. बगू द्यात सगळ्यास्नी."

पाऊस भुरभुरत होता. आम्ही ताडपत्री धरून ट्रॉलीच्या कडेनं चालत चढण चढलो. पुरामुळं शाळेत आसऱ्याला गेलेली माणसं खिडकीतून बघत होती; वर्गांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बायका हात जोडत होत्या. कुणीतरी "मोरया" म्हणालं. मला तेवढ्यापुरतं वाटलं, म्हातारा बरोबर होता की काय.

भवनासमोर मोठा मांडव घातलेला होता. लाल-पांढऱ्या कापडाचा, झालरीचा. शेवटी कसंतरी ठरलं होतं: रविवारी मंत्री येणार आणि त्यांच्या हस्ते फीत कापणार. तो दिवस गुरुवार. दारावर दोन कुलपं लटकत होती, एक पितळी, एक नवंकोरं स्टीलचं.

आधी धनाजीराव आले, बुलेटवरून, रेनकोट घालून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मूर्तींकडं बघून "वा, वा" केलं, आणि खिशातून चावी काढली.

"तात्या, पंचायतीचं दार जनतेसाठी सदा उघडं हाय. ए, शूटिंग कर रं," त्यांनी बरोबरच्या पोराला सांगितलं. पोरानं मोबाइल वर धरला. धनाजीरावांनी पितळी कुलूप काढलं, कॅमेऱ्यासमोर धरलं. "आमच्या बाजूनं आमी उघडलं. आता बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं."

चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. स्टीलचं कुलूप तसंच होतं. दार ढिम्म हललं नाही.

अर्ध्या तासात आबांची जीप आली. तो व्हिडिओ आधीच त्यांच्यापर्यंत पोचला होता. आबा म्हणजे रंगराव आबा, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं हाच आपला बाप. जीपमधून उतरले, चिखलात चपला काढल्या, आणि ट्रॉलीतल्या मूर्तींसमोर उभे राहून डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ. डोळे उघडले तेव्हा पाणावलेले होते. खोटं नाही सांगत, खरंच पाणावलेले होते.

"ज्ञानबा, देव चालत दारात आलं बग."

"व्हय आबा," मामांचा चेहरा फुलला. "तेवढं कुलूप..."

"कुलूप काय, आत्ता काढलं असतं." आबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "पर ह्या लोकांनी घाण केली बग. शूटिंग काय, टाळ्या काय! आता मी कुलूप काढलं तर उद्या गावभर हुईल, धनाजीनं आबाला उघडायला लावलं. मंत्रीसाहेब ऐतवारी येनार, आनि उद्घाटन गुरुवारीच धनाजीनं उरकलं म्हनत्याल. मी साहेबास्नी काय तोंड दाखवू?"

"आबा," मी पुढं झाले, "हे भवन पुरासाठी बांधलंय. पूर आलाय. आता आणि कुणाची वाट बघायची?"

"सूनबाई शिकलेल्या हायत तुझ्या," आबा मामांना म्हणाले, हसून. मग मांडवाकडं हात केला. "ह्यो मांडव हाय की एवढा. द्यावाला मांडवच शोभतोय. हितं ठेवा. ऐतवारी साहेब आले की तुमचंच गणपती पयलं आत नेतो. माझा शब्द."

"शब्द तुम्ही नारळ फोडतानाही दिला होता," मी म्हटलं.

"वैजू!" मामा ओरडले.

बजरंग तोवर ट्रॅक्टरची पहार घेऊन आला होता. बापापुढं मान वर न करणारा माझा नवरा दाराकडं सरळ चालत निघाला. त्या क्षणी मला तो एवढा आवडला म्हणून सांगू.

धनाजीरावांचा एकजण मागनं म्हणाला, "तोड बजा. त्यांचं तोड. आमचं उघडंच हाय."

आबांचा आवाज तसाच मऊ. "बजरंगा, पोरा, सरकारी इमारत हाय. हात लावलास तर केस हुईल, मग माझ्याबी हातात काय ऱ्हात न्हाई. उद्या पानी उतरल्यावर पंचनामं व्हायचं हायत, घरं लिहून घ्यायची हायत. कुंभारगल्लीचं नाव कशाला वाईट करून घेताय?"

बजरंग थांबला. मामांकडं बघितलं. मामा मूर्तींकडं बघत होते.

"ठेव ती पहार," मामा म्हणाले.

"आप्पा..."

"ठेव म्हनलं न्हवं!"

आबा गेले. जीप दिसेनाशी झाली तसे धनाजीराव म्हणाले, "बगितलंत ना कोन कसा हाय? गावाला कळू दे." आणि त्यांनी ते पितळी कुलूप परत कोयंड्यात अडकवून दाबलं. मी म्हटलं, "अहो, हे का लावताय?" तर म्हणे, "एकट्यानं उघडं ठेवून काय उपयोग वहिनी? आत फर्निचर हाय. चोरीला गेलं तर जबाबदारी पंचायतीची."

आम्ही मूर्ती मांडवात मांडल्या. बाकं खाली घातली, कारण डोळे लिहिलेले होते, भुईवर ठेवता येत नव्हते. संध्याकाळी पावसानं जोर धरला. मांडवाच्या कापडात पाणी साठून त्याला पोट सुटायला लागलं. बजरंग आणि मामा आळीपाळीनं बांबूनं ते पोट वर ढकलत राहिले. पाणी कडेनं सांडायचं, परत साठायचं. मी शाळेतून भाकरी आणली, दोघांनी उभ्यानं खाल्ली.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन आले, तेव्हा मामा दाराच्या पायरीवर बसलेले होते. बांबू मांडीवर आडवा. डोळा लागला होता. बजरंग दुसऱ्या टोकाला पाणी ढकलत होता. मी हाक मारणार तेवढ्यात वरचं कापड फाटलं. फार मोठा आवाज झाला नाही. घागर उपडी केल्यावर होतो तेवढाच. सगळं पाणी मधल्या बाकांवर आलं, आणि मग फाटल्या जागेतून पाऊस येतच राहिला.

शाडूची मूर्ती एकदम पडत नाही. आधी रंग उतरतो. मग सोंड खाली वाकते, मग हात गळतात. मी ताडपत्री ओढायला धावले, बजरंग धावला, शाळेतली माणसं धावली. ताडपत्रीच्या वजनानंच मागच्या ओळी मोडल्या. जे उचलायला गेलो, ते बोटांतून निसटून जात होतं. मी ओरडत होते, "आत घ्या, आत घ्या!" आणि आत जायला दार नव्हतं. डोळ्यांचा काळा रंग पक्का होता. बाकी सगळं धुऊन गेलं तरी तो राहिला होता. तोंड नाही, कान नाही, नुसत्या मातीच्या गोळ्यावर दोन डोळे, आणि ते बघत होते.

मामा जागे झाले होते. धावले नाहीत. पायरीवरून उठलेच नाहीत. मी त्यांच्यासमोर जाऊन किंचाळले, सासरे आहेत, वडील आहेत, कसलाही विचार केला नाही. "डोळे लिहिले ना? देव झाले ना? कोण नाही म्हणालं बघा आता!"

ते म्हणाले, "खरं हाय तुजं."

एवढंच. मला वाटलं होतं, रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तासाभरानं आबांचा माणूस आला, पाठोपाठ पंचायतीचा शिपाई. दोघांचं म्हणणं एकच: रविवारच्या आत मांडवातला चिखल काढला पाहिजे, मंत्र्यांच्या पायाखाली हे बरं दिसत नाही. मामांनी कुणालाही फावडं लावू दिलं नाही. डोळे लिहिलेली माती फावड्यानं ओढायची नसते. आम्ही तिघांनी हातानं ती पाट्यांत भरली आणि चढणीच्या पायथ्याशी जिथंवर पूर आला होता, तिथं नेऊन एकेक पाटी पाण्यात सोडली. दरवेळी मामा हात जोडायचे. दहा दिवसांची पूजा न होताच विसर्जन. लोक लांबून बघत होते. जवळ कुणी आलं नाही.

रविवारी मंत्री आलेच नाहीत. ते दुसऱ्या तालुक्यात हेलिकॉप्टरनं पाहणी करून गेले. उद्घाटन तसंच राहिलं.

पाणी उतरलं. घर झाडलं, चिखल काढला, पंचनामे झाले. पंचनाम्यात घराच्या भिंती लिहिल्या, भांडी लिहिली. मूर्तींचं विचारलं तर तलाठी म्हणाला, "मूर्ती घरात नव्हत्या ना? मांडवात होत्या. पुरानं नाही, पावसानं गेल्या. ते यात बसत नाही." मी वाद घालत होते, मामा मधेच म्हणाले, "जाऊ दे."

चतुर्थीला आठवडा राहिला असेल, सकाळी रेशन आणायला मी शाळेकडनं चालले होते. भवनासमोर दोन ट्रक उभे. दार सताड उघडं. मी थांबले. आत पंखे फिरत होते, फरशी पुसली होती, आणि ट्रकमधून प्लास्टरचे गणपती उतरून आत ओळीनं लागत होते. शेकड्यांनी. बाहेर फलक: भव्य गणेशमूर्ती विक्री केंद्र. दारात जालिंदर उभा, आबांचा मेव्हणा. हा दोन वर्षं मामांच्या मागं लागला होता: माती सोडा तात्या, माझा माल घ्या, गाळ्यावर बसा, कमिशन देतो. मामा म्हणायचे, कुंभार माती सोडून काय करनार? आणि त्याच्या शेजारी, एका हातात चहाचा कप घेऊन, धनाजीराव. दोघं एकाच ताटात जेवल्यागत हसत होते.

मला आधी कळेचना. मग मी विचारलं, "कुलपं?"

"काढली की," जालिंदर म्हणाला. "आबांनी चावी दिली, ह्यांनी त्यांची दिली."

"आणि उद्घाटन? कोनशिला?"

"त्ये व्हईल सावकाश."

"पूर आला तेव्हा का नाही दिल्या चाव्या?" माझा आवाज चढला होता. "तुम्ही दोन पार्ट्या ना? एकमेकांची तोंडं बघत नाही ना?"

धनाजीरावांनी चहाचा घोट घेतला. समजूत घालावी तसं म्हणाले, "आवो वहिनी, धंद्यात कसलं राजकारण? आमी दोघं भागीदार हाय ह्यात. यंदा तुमच्याकडंबी मूर्ती न्हाईत, गावाची अडचन व्हायला नको."

मी घरी आले. रेशन आणायचं विसरूनच गेले. मामांना सांगावं की नको, सुचेना. सांगितलं. ते चाकाजवळ बसले होते, नुसतेच. ऐकलं आणि "बरं" म्हणाले.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी त्यांनी धुवट टोपी घातली, खांद्यावर उपरणं घेतलं. "वैजू, ताट घे. चल."

"कुठं?"

"गनपती आनायला."

कुंभाराच्या घरात कुणी गणपती आणायला जात नाही. आमच्या घरचा गणपती घरातच व्हायचा, सगळ्यांचे दिल्यावर जो उरेल तो. मी म्हटलं, "मामा, मी शेणाचा करते. सुपारीचा मांडू. पण तिथं नको."

"न्हाई. गाव जिथनं आनतंय तिथनंच आनायचा."

भवनात गर्दी होती. मामांना बघून माणसं बाजूला झाली. जालिंदर गल्ल्यावरून उठलाच. "तात्या! या, या. उचला कुठलाबी. तुमच्याकडनं काय पैसं घ्यायचं?"

"किती?" मामांनी विचारलं. त्यानं आकडा सांगितला, कमी करून. मामांनी खिशातनं नोटा काढल्या आणि न मोजता त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

मग त्यांनी एक मूर्ती उचलली आणि तिच्या डोळ्यांकडं बघितलं. मी वाट बघत होते, काहीतरी म्हणतील म्हणून. ते डोळे फवाऱ्यानं मारलेले, सगळ्यांचे सारखे. साऱ्या भवनातले गणपती एकाच जागी बघत होते. मामांनी मूर्ती ताटात ठेवली, तिच्या तोंडावर रुमाल टाकला, ताट डोक्यावर घेतलं.

दारात येऊन ते थबकले. मूर्ती बाहेर नेताना नेणाऱ्यानं 'मोरया' म्हणायचं असतं. आमच्या दारातनं आजवर हजारो मूर्ती गेल्या, पण 'मोरया' म्हणायचे ते नेणारे. आम्ही फक्त हात जोडायचो. मामांनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"म्हना की तात्या," मागनं कुणीतरी हसलं.

शेवटी धनाजीरावच मोठ्यानं ओरडले, "गणपती बाप्पा!" आणि सगळी गर्दी "मोरया" म्हणाली. मामा खाली मान घालून चालायला लागले. मी त्यांच्या मागनं. मला रडू येत नव्हतं. त्या सगळ्यांच्या तोंडावर थुंकावं असं वाटत होतं, आणि माझ्या डोक्यावर पदर होता, आणि पुढं देव होता, म्हणून मी चालत राहिले.

घरी आल्यावर मामांनी मूर्ती पाटावर ठेवली, रुमाल काढला, समई लावली. बजरंग आरतीचं ताट घेऊन उभा होता. मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, ह्याच्या पाया पडायचं? ह्याच्या?"

"पडायचं," ते म्हणाले. "डोळं हायती न्हवं त्येला? मग झालं." आणि डोकं टेकवलं.

आरती झाली. प्रसाद वाटला. मग त्यांनी बजरंगला जवळ बोलावलं.

"जालिंदर म्हनत हुता, म्होरच्या सालापासनं गाळ्यावर मानूस पायजे. जा, सांगून ये."

"आप्पा, आपण माती आणू की परत," बजरंग म्हणाला. "शिमग्याला आणू. विलासच्या शेडात करू."

"पानी परत येनार हाय," मामा म्हणाले. "दरसाल येनार हाय आता. आनि दार कुनाला कवा उघडायचं त्ये आपल्या हातात न्हाई. जा. दुसरा कोन तरी लागायच्या आत जा."

बजरंग माझ्याकडं बघत राहिला. या वेळी मी खाली बघितलं. त्यानं ताट खाली ठेवलं, पायात चपला सरकवल्या आणि भवनाकडं गेला.